जुनी आउटबोर्ड मोटर मिस मारत असेल, तर कार्ब्युरेटरला सगळ्यात शेवटी हात लावा

महेश्वरच्या घाटावरून नाव सोडली आणि नदीच्या मधोमध असलेलं बाणेश्वराचं देऊळ नजरेआड झालं, की प्रवाहाची ओढ हाताला जाणवू लागते. चार-पाच किलोमीटर खाली सहस्रधारा आहे. तिथे नर्मदा खडकांवर फुटून असंख्य धारांनी वाहते. जागा देखणी, पण बंद पडलेल्या मोटरीनिशी तिकडे वाहत जाऊ नये. मागच्या हिवाळ्यात आमची जॉन्सन, म्हणजे नावेच्या मागच्या काठाला बाहेरून कसलेली आउटबोर्ड मोटर, नेमकी त्या वाटेवर दम टाकायला लागली. पूर्ण रेसवर बरी चाले. रेस कमी केली की सगळी नाव थरथरायची, दोन झटके आणि मोटर बंद. वल्ही बरोबर होती म्हणून काठ गाठला. घाटावर एक म्हातारे नावाडी आहेत, सगळे त्यांना दाजी म्हणतात. त्यांनी आवाज लांबूनच ऐकला होता. नाव टेकताच म्हणाले, "भैया, एक ही तरफ से बोल रही है."

त्यांचं अचूक होतं. दोनपैकी एकच सिलिंडर चालत होता. तरीही तो दोष सापडायला मला तीन रविवार लागले, कारण इंदूरला परत आल्याबरोबर मी कार्ब्युरेटर खोलला. मोटर रडायला लागली की पेट्रोलवर संशय घेण्याची आपल्या सगळ्यांची सवय आहे. स्कूटरवर ती कधीकधी बरोबर ठरते. चाळीस-पन्नास वर्षं जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डवर मात्र दोष बहुतेक वेळा स्पार्कमध्ये असतो आणि दिसतो पेट्रोलचा असल्यासारखा. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा: आधी कॉम्प्रेशन, मग स्पार्क, मग पेट्रोल, आणि कार्ब्युरेटरच्या सुया, म्हणजे पेट्रोल किती जाईल ते ठरवणारे स्क्रू, अगदी शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती वहीत लिहायची.

आमची मोटर जॉन्सनच्या क्यूडी मालिकेतली, 1950 च्या दशकातली. 10 हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, पॉइंट-कंडेन्सरचं मॅग्नेटो (बॅटरीशिवाय, फिरत्या चुंबकावर ठिणगी तयार करणारी यंत्रणा), आणि टाकीला जाणारा दुहेरी होज. काकांनी ती मुंबईहून आणली होती. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही एकाच कंपनीची दोन नावं, त्यामुळे 1950 ते 70 च्या दशकांतल्या त्यांच्या छोट्या मोटरींची रचना बरीच सारखी आहे. पुढे दिलेले आकडे त्या घराण्याचे आहेत. तुमची मोटर दुसऱ्या बनावटीची असेल तर आकडे तिच्या मॅन्युअलमधून घ्या. क्रम सगळ्यांना तोच लागू पडतो.

कामाची जागा

प्रत्येक चाचणीसाठी नव्वद किलोमीटर महेश्वर गाठणं जमत नाही. मी अंगणात 200 लिटरचा प्लास्टिकचा ड्रम ठेवतो आणि त्याच्या काठापासून वेगळी, जमिनीत पक्की रोवलेली लाकडी चौकट करून मोटर त्यावर कसतो. चौकट ड्रमलाच बांधली तर रेस दिल्यावर ड्रमसकट सगळं हलतं. पाणी मोटरीच्या पायावरच्या आडव्या पट्टीच्या, म्हणजे कॅव्हिटेशन प्लेटच्या, वर चार बोटं तरी असावं. इंदुरात नळाला जलूदहून उचललेलं नर्मदेचंच पाणी येतं, 1978 पासून. म्हणजे मोटर अंगणातही त्याच पाण्यात चालते.

पाण्याबाहेर मोटर "फक्त दोन सेकंद" सुद्धा चालू करू नका. पायातल्या पंपाचा रबरी इम्पेलर पाण्यानेच वंगण घेतो. कोरडा फिरला की काही सेकंदांत त्याची पाती घासतात, आणि मग तुमच्या मूळ दोषात गरम होण्याचा नवा दोष मिसळतो. ड्रम उघड्यावरच हवा. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये हा धूर जीवघेणा आहे. आणि ड्रममध्ये मोटर गिअरमध्ये टाकायची असेल तर आधी प्रोपेलर काढून ठेवा.

आधी ऐका

पाना उचलण्याआधी पंधरा मिनिटं फक्त मोटर ऐका आणि दोष कोणत्या वेळी येतो ते लिहा. मंद रेसवर थरथरते, पण रेस दिली की साफ होते? एक सिलिंडर मेला असण्याची किंवा कमी वेगाची सुई बिघडल्याची शक्यता. मंदावर छान, पण पूर्ण रेसवर दम धरत नाही? पेट्रोल कमी पोचतंय. थंड असताना उत्तम आणि दहा-पंधरा मिनिटांनी झटके? कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन सोडतोय, किंवा मोटरच गरम होतेय. चढ-उतार करत आपोआप रेस घेते? कुठून तरी हवा ओढतेय.

आता दोन छोट्या चाचण्या. मोटर मंद चालू असताना एका प्लगची वायर काढा. काढलेली वायर लोंबकळत सोडू नका, तिचं टोक इंजिनाच्या धातूला टेकवा. स्पार्कला वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या आतूनच वाट काढतो आणि चांगली कॉइल मारतो. हातात जाड रबरी हातमोजा असू द्या. वायर काढल्यावर वेग पडला, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर तुमचा आजारी सिलिंडर तोच. आमच्या मोटरीत खालची वायर काढली आणि आवाजात काडीचाही फरक पडला नाही. दाजींनी कानाने ओळखलं ते असं दोन मिनिटांत सिद्ध झालं असतं, मी ते पहिल्या रविवारी केलं असतं तर.

दुसरी चाचणी: मोटर झटके देत असताना चोक थोडा ओढा. सुधारली तर मिश्रण पातळ आहे, पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडली आणि धूर वाढला तर मिश्रण आधीच जाड आहे. काहीच फरक नाही, तर पेट्रोल सोडा, स्पार्कच्या मागे लागा.

प्लग काढून शेजारी ठेवा

दोन्ही प्लग काढून वरचा-खालचा अशी खूण करून कागदावर ठेवा. कॉफीसारखा तपकिरी रंग आरोग्याचा. काळा, ओला, तेलकट म्हणजे तिथे पेट्रोल येतंय, पण पेटत नाहीये. पांढुरका, कोरडा म्हणजे मिश्रण पातळ किंवा मोटर गरम. एक प्लग नव्यासारखा लख्ख धुतलेला आणि दुसरा काळा असेल, तर लख्ख प्लगाच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय, बहुधा हेड गॅस्केटमधून. वाफ प्लग धुऊन काढते.

या मोटरींना चॅम्पियनचा जे6सी प्लग लागायचा. 14 मिलिमीटरचा आटा, पण आट्याची लांबी फक्त 3/8 इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. मोटरसायकलचा लांब आट्याचा प्लग त्याच भोकात बसतो, म्हणून कुणीतरी तो बसवतो, आणि पिस्टन त्यावर आपटतो. पर्यायी प्लग घेताना जुना प्लग खिशात घेऊन जा, दोन्हींचे आटे शेजारी ठेवून बघा. गॅप 0.030 इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर.

कॉम्प्रेशन

हे काम पाच मिनिटांचं आहे. दोन्ही प्लग बाहेर, वायरी धातूला टेकवलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा, गेज घट्ट बसवा आणि दोरी पाच-सहा वेळा जोरात ओढा. आमच्याकडे ते माझी लेक करते, मी गेज धरतो. या जुन्या मोटरींमध्ये आकडा 60 ते 90 पीएसआयच्या आसपास असतो. नव्या मोटरींचा 120 बघून घाबरू नका. दोन सिलिंडरांमध्ये साधारण दहा टक्क्यांहून जास्त फरक नको, ही खरी परीक्षा. एक खूप खाली असेल तर चमचाभर तेल आत घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा घासल्यात किंवा कार्बनने अडकल्यात. दोन्ही सारखेच खाली असतील तर गॅस्केट बघा. कॉम्प्रेशनच नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया, म्हणून हे आधी.

स्पार्क: इथे घाई नको

प्लग हेडवर टेकवून ठिणगी बघणं पुरेसं नाही. उघड्या हवेत पाऊण मिलिमीटर उडी मारणारी दुबळी ठिणगी दाबाखालच्या सिलिंडरमध्ये विझते. लाकडाच्या तुकड्यावर दोन टोकदार स्क्रू समोरासमोर बसवा, टोकांमध्ये 6 मिलिमीटर, म्हणजे पाव इंच अंतर. एका स्क्रूला प्लगची वायर, दुसऱ्याची तार इंजिनाच्या धातूला. प्लग काढलेले असू द्या म्हणजे मोटर जोरात फिरते, पण हा लाकडाचा तुकडा प्लगच्या भोकांपासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते. दोरी ओढल्यावर निळी, कडक, टक् असा आवाज करणारी ठिणगी दोन्ही वायरींवर उडायला हवी. पिवळी, बारीक, मधूनच येणारी ठिणगी म्हणजे दोष सापडला.

आमच्याकडे वरच्या सिलिंडरची ठिणगी 6 मिलिमीटरवर टकाटक उडत होती. खालच्याची 3 वरही धड नव्हती.

आता फ्लायव्हील काढायचं. वरचा दोरीचा स्टार्टर काढला की फ्लायव्हील दिसतं, मधला नट सोडवा. फ्लायव्हीलवर मध्याजवळ तीन आट्याची भोकं असतात, ती पुलरसाठीच आहेत. तीन बोल्टांचा पुलर इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतो किंवा खरादवाला जाड पट्टीचा करून देतो. काठाला पकडणारा तीन पायांचा पुलर लावू नका, फ्लायव्हील वाकतं. आणि क्रँकच्या टोकावर हातोडा मारून तर मुळीच काढू नका. एकदा मी ही मोटर एका दुरुस्तीच्या दुकानात दिली होती, तिथे असंच केलं. क्रँकचे आटे चेपले, ते पुन्हा काढून घेताना दोन महिने गेले. असा नुकसानीचा घाव मोटरीला कायमचा लागतो, त्याचं मला आजही वाईट वाटतं. फ्लायव्हील निघालं की क्रँकवरची छोटी चावी आधी डबीत टाका. अर्धवट कापलेली चावी असेल तर टायमिंग सरकतं आणि मोटर चालूच होत नाही किंवा उलटे झटके देते.

आत दोन कॉइल, दोन पॉइंट, दोन कंडेन्सर. प्रत्येक सिलिंडरचा स्वतंत्र संसार. म्हणूनच एक सिलिंडर मरतो आणि दुसरा चालत राहतो.

कॉइलकडे टॉर्च लावून बघा. त्या काळच्या कॉइलींवरचं काळं-तपकिरी आवरण वर्षांनुवर्षं तापून-गार होऊन तडकतं. आमची खालची कॉइल बघितली तेव्हा तिच्या पोटावर केसाएवढी फट होती, आणि नखाने दाबल्यावर तुकडा हातात आला, जुन्या बांगडीच्या काचेसारखा. आतली तांब्याची बारीक तार हिरवी पडली होती. अशा कॉइलला एपॉक्सी लावून काही उपयोग नाही, बदलाच. या घराण्यातल्या पुष्कळ मोटरींना एकच कॉइल लागते, त्यामुळे तिची नव्याने बनवलेली प्रतिकृती परदेशातून मागवता येते. मूळ कंपनी 2000 साली बुडाली, तरीही. एक बदलायची असेल तरी जोडीच घ्या. बसवताना कॉइलच्या लोखंडी पायांची टोकं मॅग्नेटो प्लेटवरच्या घासून गुळगुळीत केलेल्या उंचवट्यांच्या कडेशी बोटाला एकसारखी लागली पाहिजेत. बाहेर आली तर फ्लायव्हीलच्या चुंबकाला घासतील, आत राहिली तर ठिणगी दुबळी.

प्लगची वायर 7 मिलिमीटरची, आत तांब्याची तार असलेलीच घ्या. गाडीसाठी मिळणाऱ्या कार्बनच्या वायरी इथे चालत नाहीत, मॅग्नेटोच्या ताकदीला तो अडथळा जड होतो.

पॉइंटवर बहुतेक वेळा निळसर-राखाडी थर किंवा खड्डा असतो. खड्डा खोल असेल तर नवे घ्या. थर असेल तर 400 नंबरचा पेपर हलक्या हाताने फिरवा, मग स्पिरिटमध्ये भिजवलेला कोरा जाड कागद पॉइंटच्या मधून ओढा, कागद स्वच्छ निघेपर्यंत. नव्या पॉइंटवरही गंजू नये म्हणून पातळ लेप असतो. तो पुसला नाही तर नवे कोरे पॉइंट बसवूनही ठिणगी येत नाही, आणि माणूस वेडा होतो. क्रँकवरचा कॅम फिरवून पॉइंट सगळ्यात जास्त उघडेल तिथे थांबा, आणि फिलर गेजने 0.020 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, गॅप ठेवा. पातं अडकता-अडकता सरकलं पाहिजे. स्क्रू आवळताना गॅप बदलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. दोन्ही पॉइंटचा गॅप सारखा हवा. तिथल्या नमद्याच्या वातीवर तेलाचा एकच थेंब, दोन नाही. उडालेलं तेल पॉइंटवर बसलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

कंडेन्सर कपॅसिटन्स मोजणाऱ्या साध्या मल्टिमीटरवर तपासता येतो: 0.18 ते 0.22 मायक्रोफॅरड. पॉइंट लवकर जळत असतील तर दोषी बहुधा तोच. गरम झाल्यावर सोडणारा कंडेन्सर थंड असताना मात्र मीटरवर बरोबर दाखवतो, त्याला बदलूनच बघावं लागतं.

फ्लायव्हील परत बसवताना क्रँकचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं भोक दोन्ही पुसून अगदी कोरडी करा, ग्रीस लावू नका. ते दोन धातू एकमेकांना घट्ट धरतात, चावी फक्त जागा दाखवते. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. मग स्क्रूंच्या लाकडावर पुन्हा चाचणी. आमची खालची ठिणगी त्या दिवशी पहिल्या ओढीत टक् करून उडाली, निळी. लेकीने दोरी तशीच हातात धरून मागे वळून पाहिलं.

पेट्रोल

स्पार्क दोन्हीकडे सारखा झाला तरी मोटर कुरकुरत असेल, तर आता पेट्रोलकडे. पहिला प्रश्न टाकीत काय आहे. आता बहुतेक पंपांवर ई20 मिळतं, म्हणजे 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या मोटरीतलं रबर, डायफ्रॅम आणि कार्ब्युरेटरमधल्या बुचाच्या फ्लोटवरचा लाखेचा लेप यातलं काहीच त्यासाठी बनलेलं नाही. लेप गेला की बूच पेट्रोल पितं, फ्लोट जड होऊन बुडतो, आणि मोटरीत पेट्रोलचा पूर येतो. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि ठराविक प्रमाणापुढे पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी वेगळा बसतो. नळी नेमकी तिथूनच ओढते.

तपासणी सोपी आहे. खुणा असलेल्या काचेच्या उभट भांड्यात 10 मिलिलिटर पाणी आणि त्यावर 90 मिलिलिटर पेट्रोल घाला, हलवा, पाच मिनिटं स्थिर ठेवा. खालचा थर 10 च्या वर चढला तर जितका चढला तितकं इथेनॉल पाण्यात उतरलं. मी मोटरीसाठी प्रीमियम पेट्रोल घेतो, पण त्याचीही हीच परीक्षा करून. इथेनॉलचंच मिळालं तर त्या दिवसापुरतंच भरा आणि संध्याकाळी टाकी रिकामी करा.

तेलाचं प्रमाण: 1964 च्या आधीच्या या मोटरींना 24 भाग पेट्रोलला एक भाग तेल. पाच लिटरला साधारण 210 मिलिलिटर. नंतरच्या बहुतेक मोटरींना 50 ला एक चालतं, पण ते वाचून जुन्या मोटरीला तसं दिलंत तर तिच्या बुशांवर चालणाऱ्या बेअरिंगा उपाशी राहतात. तेल पाण्याने थंड होणाऱ्या मोटरींचं, टीसी-डब्ल्यू3 खूण असलेलं घ्या. मोटरसायकलच्या 2टी तेलाची राख प्लगवर साचते.

आमच्यासारखा दुहेरी होज असेल तर टाकी दाबाखाली असते. मोटर स्वतःच्या क्रँककेसमधली हवा एका नळीने टाकीत ढकलते, आणि त्या दाबाने पेट्रोल दुसऱ्या नळीने वर येतं. झाकणाचं गॅस्केट किंवा होजची जोडणी गळत असेल तर दाब बनत नाही, आणि मोटर सुरू होऊन मिनिटभरात मरते. साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. चालू मोटरीच्या टाकीचं झाकण कधीही झटक्यात उघडू नका, पेट्रोल अंगावर उडतं. आधी मोटर बंद, मग सावकाश सोडून हवा जाऊ द्या. एकाच होजच्या, साधारण 1960 नंतरच्या मोटरींत याऐवजी डायफ्रॅमचा पंप असतो. तिथे टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते आधी बघा. तो बंद राहिल्यामुळे दहा मिनिटांनी बंद पडणाऱ्या मोटरी मी घाटावर कितीतरी पाहिल्यात.

आता कार्ब्युरेटर

खोलण्याआधी दोन्ही सुया किती फेरे उघड्या आहेत ते सावकाश आत फिरवून मोजा आणि लिहा. सुई टेकली की थांबायचं. जोर लावला तर तिच्या टोकाला कडं पडतं आणि बैठक फाटते, मग कुठेही सेट करा, मिश्रण जागेवर येत नाही. आमच्या कमी वेगाच्या सुईला भिंगाखाली असंच कडं दिसलं. सुई बदलावी लागली.

आतल्या बारीक वाटा कार्ब क्लीनरने भिजवा, हवेने फुंका, गरज पडली तर तांब्याची एक तार किंवा मासेमारीची नायलॉनची दोरी घाला. पोलादी सुई घालू नका, भोक मोठं होतं. फ्लोट पेट्रोल प्यायलेला असेल तर वाळवून इथेनॉल सोसणाऱ्या लेपाने बंद करा किंवा बदला. कार्ब्युरेटर उलटा धरला की फ्लोट गॅस्केटच्या पृष्ठभागाला समांतर, त्याच पातळीत दिसावा.

बसवल्यावर थ्रॉटलचा मेळ बघा. वेगाचा दांडा फिरवला की मॅग्नेटोची प्लेट फिरते आणि तिच्यावरचा कॅम कार्ब्युरेटरच्या रोलरला ढकलतो. कॅमवरची खूण रोलरच्या मध्यापाशी आली की थ्रॉटलची पाती नुकती हलायला लागावी. हा मेळ सुटला की मधल्या रेसला मोटर अडखळते, आणि सगळे जण उगाच सुया फिरवत बसतात.

आता सुया. सुरुवातीला कमी वेगाची दीड फेरा उघडी, जास्त वेगाची साधारण एक फेरा. मोटर पाच मिनिटं गरम होऊ द्या. आधी जास्त वेगाची सुई: पूर्ण रेसवर अष्टमांश फेरा आत, दहा-बारा सेकंद थांबा, पुन्हा अष्टमांश. एका ठिकाणी वेग पडतो किंवा मोटर कार्ब्युरेटरमधून शिंकते. तिथून पाव फेरा बाहेर. मग रेस कमी करून दुसऱ्या सुईला तेच: शिंक येईपर्यंत आत, नंतर पाव फेरा बाहेर. थांबणं महत्त्वाचं, कारण सुईतला बदल मोटरीपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो. थोडी जाड ठेवलेली चालेल, पातळ ठेवलेली मोटर पिस्टन जाळते.

ड्रममधलं हे सेटिंग कच्चं समजा. जास्त वेगाची सुई नावेवर, प्रोपेलरचा भार असतानाच खरी बसते. आणि इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, महेश्वर त्याच्या सुमारे चारशे मीटर खाली. मानपूरचा घाट उतरलात की हवा दाट होते आणि अंगणात बेताचं वाटलेलं मिश्रण नदीवर किंचित पातळ होतं. मी तिथे गेल्यावर दोन्ही सुया पुन्हा तपासतो.

एवढं होऊनही बरी नसेल तर

गरम होते का बघा. या जुन्या मोटरींना पाण्याची वेगळी धार नसते, पायाच्या मागच्या भोकांतून धुरासोबत तुषार येतात. दहा मिनिटांनी हेडवर पाण्याचा थेंब टाका. चर्र करून उडाला तर इम्पेलर किंवा पाण्याची वाट बघा. कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोलचा फवारा मागे येत असेल तर आतल्या रीड व्हॉल्व्हची, म्हणजे एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेची, पाती तुटली किंवा वाकली असेल. मंद रेसवर आपोआप वेग वाढत असेल तर कार्ब्युरेटरच्या गॅस्केटभोवती तेलाचे थेंब टाका. आवाज बदलला तर हवा तिथून शिरतेय. आणि मोटर झकास बोलते पण नावच पुढे जात नसेल, तर दोष प्रोपेलरच्या पिनेत आहे. ती पितळेची पिन मुद्दाम मऊ असते, खडकाला लागल्यावर तीच तुटावी म्हणून. दोन जास्तीच्या पिना आणि एक पक्कड नावेत ठेवाच.

नदीवरची शेवटची चाचणी अशी: अंगात लाइफ जॅकेट, वल्ही जागेवर, आणि प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे मंडलेश्वरच्या बाजूला निघा. बंद पडली तर प्रवाह तुम्हाला घाटाकडेच आणतो. पाच मिनिटं पूर्ण रेसवर चालवा, काठाशी येऊन रेस न उतरवता एकदम बंद करा आणि प्लग काढा. मंद चालवत आणून काढलेला प्लग मंदाचा रंग दाखवतो. आमच्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे: "वरचा तपकिरी, खालचा तपकिरी, जास्त वेग एक फेरा आणि अष्टमांश, कमी वेग पावणेदोन."

घरी परतल्यावर टाकीचा होज काढून मोटर ड्रममध्ये चालवा, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून ती आपण होऊन बंद पडेपर्यंत. पावसाळ्यात नदीला पूर असतो, तीन-चार महिने मोटर घरातच राहते. ते चार महिने कार्ब्युरेटरमध्ये थेंबही राहू नये. पायातलं गिअरचं तेल काढून बघा. पांढरं, ताकासारखं असेल तर सील गेलंय, आत पाणी आहे. आणि ड्रममधलं पाणी नाल्यात ओतू नका. वर तेलाचा थर असतो, तो जुन्या सुती कापडाने दोन-तीन वेळा टिपून घ्या, कापड उन्हात पसरून वाळवा. तेलकट कापडांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्याला आग लवकर धरते.